चाळीस बटणांचा बाजा

शाळेतल्या मैत्रिणीच्या भावाचं लग्न भैंशाला होतं. जेवण झाल्यावर हात धुवायला मी मागच्या अंगणात गेले. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये सरकीची पोती रचली होती आणि सगळ्यात खालच्या पोत्याखालून निकेलची एक वळणदार पट्टी दिसत होती. मी पोतं थोडं सरकवलं. पट्टीच्या खाली काच होती आणि काचेखाली बटणांची रांग. एक ते चाळीस.

मैत्रिणीचे काका माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. "आमच्या हॉटेलातला बाजा हाय तो, नाणं टाकलं का गाणं वाजवणारा," ते म्हणाले. "हॉटेल कधीचंच बंद पडलं. आता त्याच्यावर पोते ठेवतो. तुमाले पायजे का?"

मी हो म्हणून बसले. ठेवायचा कुठे, आणायचा कसा, नवरा काय म्हणेल, यातलं काही डोक्यात आलं नाही. मी आदिलाबादजवळच्या एका मराठी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. विद्युतचुंबक मी वीस वर्षं फळ्यावर खडूनं काढत आले आहे. इथे एका पेटीत, प्रत्येक बटणामागे एक, असे चाळीस विद्युतचुंबक ओळीनं बसलेले होते आणि ते पोत्यांखाली दबून गंजत होते. मला राहवलं नाही, एवढंच.

पंधरा दिवसांनी आदिलाबादला येणाऱ्या एका टेम्पोत कापसाच्या गाठींच्या मधे बसून तो आला. चार हमालांनी तो उचलून बाहेरच्या खोलीत ठेवला. मुलगा शिकायला वारंगलला गेल्यापासून ती खोली रिकामीच होती. नवरा मंडल ऑफिसातून आला, बुटांसकट दारात उभा राहून पाहत राहिला आणि म्हणाला, "एवढ्या मोठ्या डब्यात फ्रीज तरी असता."

सासरे मात्र खुर्चीवरून उठून आले. हात पाठीमागे बांधून त्यांनी पेटीला एक चक्कर मारली. डाव्या कोपऱ्यावर लाकूड जळाल्याचा एक काळा डाग होता, त्याच्यावरून बोट फिरवलं.

"हे तं भैंशाचं हाय," ते म्हणाले.

"तुम्हाला कसं माहीत, मामाजी?" मी मागून विचारलं.

त्यांनी उत्तर दिलं नाही. आत निघून गेले.

मामाजींची आणि माझी बोलाचाल तेवढीच होती. बावीस वर्षं एका घरात राहून आम्ही चहा, गोळ्या आणि पेपर यांच्यापलीकडे फारसं काही बोललो नव्हतो. भांडण कधीच नव्हतं. सासूबाई होत्या तोवर निरोप त्यांच्यामार्फत जायचे. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली आणि मग निरोपही थांबले. मामाजी महसूल खात्यातून निवृत्त झालेले. तहसीलच्या दफ्तरखान्यात, म्हणजे जुनी कागदपत्रं ठेवतात तिथे, त्यांची निम्मी नोकरी गेली. माझ्याबद्दल त्यांची एकच तक्रार होती आणि ती ते येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना सांगत: "सून चांगली हाय, पण तोंडातल्या तोंडात बोलते." मला ते लागायचं. माझा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जातो.

रविवारी मी मागची फळी उघडली. आत कुंभारीण माशीनं मातीची सात घरं बांधली होती. यंत्राच्या प्रत्येक सांध्यात कापसाचा भुगा जाऊन बसला होता आणि जुन्या ग्रीसमध्ये कालवून त्याची काळी खळ झाली होती. गाण्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या कसरीनं खाल्ल्या होत्या. रेकॉर्डी मात्र अकरा निघाल्या, छोट्या, एकाही रेकॉर्डीला तडा नाही. पावाच्या कापांसारख्या त्या उभ्या ठेवायच्या वीस खाचा होत्या. प्रत्येक रेकॉर्डीच्या दोन बाजू, म्हणून बटणं चाळीस.

मागच्या बाजूला पितळेच्या पट्टीवर कोरलं होतं: एकशे सतरा व्होल्ट. आपल्याकडे दोनशे तीस येतात. मी भैंशाला काकांना फोन केला. ते म्हणाले, "त्याच्यासंगं एक लोखंडी डबा होता खरा, वजनदार. तो भंगारात देल्ला." तोच तर व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर होता. मी घाईनं प्लग लावला नव्हता, म्हणून पेटी वाचली.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी शेतातल्या पाण्याच्या मोटारी बांधून देणारा एक वाइंडिंगवाला बसतो. त्याला मी कागदावर आकडे लिहून दिले. त्यानं कागद उलटा सुलटा करून पाहिला. "मैडम, लोगां मोटर जलाते, मैं बांध देता. ये अमेरिका का डब्बा जला तो मेरे कू नक्को बोलो." तरी त्यानं चार दिवसांत इतका नेटका ट्रान्सफॉर्मर बांधून दिला की मीटर लावल्यावर एकशे अठरा व्होल्ट दाखवले. देताना म्हणाला, "गाना बजा तो बुलाना."

वीज एकदम द्यायची नाही, एवढं मला माहीत होतं. शंभर वॉटचा जुना बल्ब मधे सिरीजमध्ये जोडला, म्हणजे आत कुठे शॉर्ट असला तर बल्ब पेटतो आणि यंत्र वाचतं. बटण दाबलं तर बल्ब भक्ककन पेटला. आत शॉर्ट होताच. मी बटण बंद केलं आणि मागे वळले, तर मामाजी दारात उभे. बल्बचा उजेड पाहून आले होते.

"पेटलं?" त्यांनी विचारलं.

"पेटलं, पण पेटायला नको होतं," मी म्हटलं.

ते खुर्ची ओढून पेटीच्या बाजूला बसले. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून येण्याआधीच ते तिथे बसलेले होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी बॅटरी हातात घेतली आणि मी जिथे हात घालीन तिथे उजेड धरायला लागले. आठवड्याभरात सगळे स्क्रू त्यांच्या ताब्यात गेले होते. बरण्यांची झाकणं ओळीनं मांडून, प्रत्येकात एका जागचे स्क्रू, आणि त्याखाली कागदाचा कपटा: "डावा हात, वरचे तीन." अक्षर असं की छापल्यासारखं.

शॉर्ट सापडला तो अ‍ॅम्प्लिफायरच्या मोठ्या कंडेन्सरमध्ये. तो फुगून फुटला होता. मी तसे सगळेच कंडेन्सर बदलले. हैदराबादहून कुरिअरनं आले. त्या दिवशी सिरीजचा बल्ब आधी जरा लाल झाला आणि मग मंदावला, आणि अ‍ॅम्प्लिफायरचे काचेचे व्हॉल्व्ह एकेक करून नारिंगी झाले. मामाजी वाकून पाहत होते.

"तवा बी असेच दिसत," ते म्हणाले.

"तेव्हा म्हणजे कधी?" या वेळी मी त्यांच्या समोर, पेटीच्या पलीकडे बसले होते.

मग त्यांनी सांगितलं. ते आधी मुधोळ तहसीलमध्ये शिपाई होते. कारकून पुढे परीक्षा देऊन झाले. तहसीलदार साहेबांची जीप भैंशाला जायची तेव्हा मागे हे बसायचे, मांडीवर मिसलींचं गाठोडं. मिसल म्हणजे कचेरीची फाइल. तो शब्द त्यांच्या तोंडून अजून गेलेला नाही. काम झालं की साहेब त्या हॉटेलात जायचे. कापसाचे व्यापारी तिथे बसून पोळी-खिमा खायचे, भाव ठरवायचे. साहेबाला गाणं ऐकायचं असलं की ते खिशातलं नाणं काढून ह्यांच्या हातात द्यायचे आणि नंबर सांगायचे. हे आत जायचे, नाणं टाकायचे, बटण दाबायचे आणि बाहेर जीपपाशी येऊन उभे राहायचे.

"आत काऊन नाई बसत होते?" मी विचारलं. त्यांच्यासारखंच बोललं गेलं.

ते हसले. "आपल्या जातीचं कोणी आत बसे नाई, सांगा बी नाई लागे. तुले कोणी सांगतलं होतं का, शाळेत पयल्या बाकावर बस म्हणून?"

"मी तर पहिल्याच बाकावर बसायची."

"हाव. कारण आमी बाहेर उभे राह्यलो," ते म्हणाले आणि बॅटरी दुसऱ्या हातात घेतली. आवाजात कडवटपणा नव्हता. मग म्हणाले, "एक डाव साहेबानं नाणं देल्लं अन् नंबर सांगाच्या आधीच कोणाशी तरी बोलत निंघून गेले. मंग म्या माह्या मनानं दाबलं. बाईचा आवाज होता. अर्धं झालं अन् जीपचा हॉर्न वाजला."

"कितवं बटण होतं?"

"ते नाई आठवत आता," ते म्हणाले. "दाबलं, एवढं आठवते."

यंत्राचा भाग साफ करायला आम्हाला आमच्याकडची दसऱ्याची लांब सुट्टी पूर्ण लागली. रुळावरून सरकणारा एक हात असतो. बटण दाबलं की तो त्या नंबरच्या खाचेपाशी थांबतो, रेकॉर्ड उचलतो, आडवी करून तबकडीवर ठेवतो. रॉकेलमध्ये दात घासायचा जुना ब्रश बुडवून एकेक सांधा धुतला. मोटारीच्या दांड्यावर पितळेचं एक टोपण सापडलं. आपल्या विजेवर अमेरिकेची मोटार मंद फिरते आणि गाणं रडल्यासारखं येतं, ते होऊ नये म्हणून कधीतरी कुणा जाणकारानं ते घडवून बसवलं होतं. इतकं सफाईदार काम होतं की मी ते काढून पुसून परत घालताना दोनदा थांबले. नाण्याच्या फटीत आता कुठलंच नाणं चालत नाही, म्हणून मी तिथे दाराच्या घंटीचं बटण जोडलं. घंटी दाबायची, मग नंबर.

पहिलं गाणं एका शनिवारी दुपारी वाजलं. नवरा घरी होता, वाइंडिंगवाल्यालाही बोलावलं होतं. मी सात नंबर दाबला. हात सरकला, थरथरत थांबला, रेकॉर्ड उचलली, आडवी केली, ठेवली. सुई उतरली. आधी नुसती खरखर, मग सारंगी, मग गाणं. वाइंडिंगवाला जोरात "वाहवा" म्हणाला. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि चहा ठेवायला आत गेला. बावीस वर्षांत असं दोनचारदाच घडलं असेल. मामाजी पेटीच्या लाकडावर तळहात ठेवून डोळे मिटून उभे होते.

फक्त, मी सात दाबला होता आणि वाजली ती नऊ नंबरची बाजू.

तिथून पुढे महिनाभर मी त्या यंत्राच्या मागे वेडी झाले. बारा दाबलं की चौदा वाजायचं. पुन्हा दाबलं की काहीच नाही. वीस दाबलं की कधी बावीस, कधी हात शेवटपर्यंत जाऊन रिकामा परत. मी एक चुंबक दुरुस्त करायची, तर दुसरा बिघडल्यासारखा वाटायचा. शाळेतून येताना बसमध्ये वहीच्या मागच्या पानावर मी तारांचं चित्र काढत बसायची. एकदा माझा थांबा निघून गेला.

मामाजी म्हणाले, "बाई, तू अंदाजानं करून राह्यली. आधी तक्ता बनव."

"कसला तक्ता?"

"कोणतं बटण दाबलं, काय उचललं, वाजलं का नाई. चाळीसची चाळीस. अन् एक डाव नाई, तीन डाव. मी करतो. तू शाळेत जा."

त्यांनी लांब रजिस्टर आणलं, पट्टीनं रेघा मारल्या, रकाने पाडले. रोज सकाळी मी गेल्यावर दहा वाजता ते कामाला बसायचे, बारा-चौदा बटणं करायचे आणि मी आल्यावर वही पुढे करायचे. पहिली फेरी तीन दिवसांत झाली. खाचा भरायला मैत्रिणीच्या काकांनी आणखी नऊ रेकॉर्डी पाठवल्या होत्या.

दुसऱ्या फेरीचा पहिला दिवस होता. मी आले, चप्पल काढली, वही घेतली. बारा बटणं लिहिलेली. कोणती खाच, कोणती रेकॉर्ड, सगळं स्वच्छ. शेवटचा रकाना "वाजलं", त्याच्या खाली बारा बरोबरच्या खुणा. सहज म्हणून मी एक बटण दाबलं. हात सरकला, रेकॉर्ड ठेवली, सुई उतरली, तबकडी फिरायला लागली. आवाज नाही. वाटलं, आवाजाचं बटण खाली असेल. तेही नव्हतं. मागे जाऊन पाहिलं तर व्हॉल्व्ह विझलेले. अ‍ॅम्प्लिफायरचा वेगळा फ्यूज आहे, तो गेला होता. सकाळी आठला पेटी चालू करून मी डबा भरत असताना वीज दोनदा गेली-आली होती, तेव्हाच गेला असणार. काचा अगदी गार होत्या.

मामाजी पुढच्या बाजूला तळहात लाकडावर ठेवून उभे होते. "वाजून राह्यलं ना?" त्यांनी विचारलं.

मला हो म्हणता आलं असतं. नंतर त्यांच्या नकळत फ्यूज बदलता आला असता. मी पुढे आले आणि त्यांच्याकडे तोंड करून म्हटलं, "नाही मामाजी. फ्यूज गेलाय. सकाळपासून."

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं, मग फिरणाऱ्या तबकडीकडे. हात लाकडावरून काढून घेतला.

"फिरून तं राह्यली होती," ते म्हणाले. खुर्चीवर बसले. "मले वाटलं, हळू वाजून राह्यलं असन."

मी त्यांच्यासमोर खालीच बसले. रेकॉर्ड संपली, यंत्राच्या हातानं ती उचलून खाचेत ठेवली, यंत्र थांबलं. कधीपासून ऐकू येत नाही, असं मी विचारलं.

"तुही सासू होती तवापासून. तिचं समजून जाय. तोंडाकडं पायलं की पुरे, पन्नास वर्षं पायलेलं तोंड. दादाचंही समजते, तो जोरात बोलतो." दादा म्हणजे माझा नवरा. "तुहं नाई समजत. तू भाजी फोडणीला टाकता टाकता बोलते, पाठ करून."

मला एकदम रडू आलं आणि हसूही. तीन वर्षं मी त्यांच्या पाठीमागून, स्वयंपाकघरातून, दुसऱ्या खोलीतून विचारत होते: चहा आणू का, गोळी घेतली का. उत्तर आलं नाही की मनात धरत होते. आणि ते बाहेर सांगत होते की सून तोंडातल्या तोंडात बोलते. त्यांना तेवढंच दिसत होतं, तर दुसरं काय सांगणार?

"दादाले सांगू नको," ते म्हणाले.

"नाही सांगत. पण दवाखान्यात जाऊ."

"ते कानात खुंटी घालून फिरू? विहारात लोक काय म्हणतीन?" त्यांनी रजिस्टर ओढून घेतलं आणि त्या दिवसाच्या बाराही ओळींवर पट्टीनं सरळ रेघ मारली. शेजारी लिहिलं: "रद्द. पुन्हा करणे." मी फ्यूज बदलला.

दुसरी फेरी नव्याने झाली. तिसरीही झाली. आता ते माझ्यासमोर, संध्याकाळी करायचे. वाजलं की मी हात वर करायची आणि ते खूण करायचे. तिन्ही फेऱ्या संपल्यावर त्यांनी दोन रंगांची पेनं घेतली आणि जेवणापर्यंत मान वर केली नाही. मग मला हाक मारली.

"हे पाय. तुह्यापाशी दोन मिसली एकात शिवल्या गेल्या. म्हणून तुले काही समजून नाई राह्यलं."

लाल पेनानं त्यांनी ज्या ओळी केल्या होत्या त्या तिन्ही वेळा सारख्याच चुकल्या होत्या: बटणापेक्षा दोन नंबर पुढे, म्हणजे बरोबर एक खाच पुढे. जिथे काही वाजलं तिथे हीच चूक, अपवाद नाही. निळ्या ओळींत एकदा वाजलं होतं, एकदा नाही, एकदा अर्ध्यात थांबलं. एकूण नऊ बटणं निळी. मी महिनाभर हे दोन्ही एकच दुखणं समजून एकच औषध शोधत होते.

लाल दुखणं दहा मिनिटांचं निघालं. कधीतरी कुणीतरी यंत्र उघडून परत बसवताना रुळाचं दातेरी चाक एक दात पुढे बसवलं होतं. काढलं, एक दात मागे घेतलं. निळ्या दुखण्याला दोन रविवार लागले. नऊ चुंबकांच्या खिळ्यांना आतून गंज धरला होता, ते एकेक काढून बारीक पॉलिश कागदानं घासले. त्यानंतर मी सात दाबला आणि सात वाजलं. मामाजींनी रजिस्टरच्या शेवटच्या पानावर सही केली, तारीख घातली आणि कचेरीतला उर्दू शब्द वापरून म्हणाले, "मुकम्मल."

जानेवारीत विहारातली पाचसहा मंडळी एका संध्याकाळी चहाला आली. त्यांना बाजा पाहायचा होता. गाणी लागली, गप्पा रंगल्या. कुणीतरी एक गंमत सांगितली आणि सगळे हसले. मामाजीही हसले, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, आणि माझ्या लक्षात आलंय हे त्यांच्याही. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "तुही शाळा कितीची हाय आज?" मी सांगितलं, आज दुसरा शनिवार, सुट्टी आहे. "मंग चाल. कुठं हाय तो दवाखाना?"

कानाचं मशीन मिळायला दीड महिना गेला. पहिले चार दिवस त्यांनी घर डोक्यावर घेतलं. पंखा एवढा का खडखडतो? कबुतरं दिवसभर बोलतात का? शेजारच्या तेलुगू अम्मा भांडून राहिल्या का? अम्मा भांडत नव्हत्या, आपल्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या, आणि त्या तशाच बोलतात. नवऱ्याला तोवर सगळं कळलं होतं. तो वडिलांना म्हणाला, "बाबा, आधी सांगितलं असतं तर मी एवढा ओरडून घसा का बसवला असता?" मामाजी म्हणाले, "अजून बी हळू बोल. कान दुखते."

पाचव्या दिवशी ते बाजापाशी गेले. घंटी, मग एक नंबर. ऐकलं. गाणं संपलं तसे माझ्याकडे वळले.

"बाई, हे घुम्म काय हाय?"

"कोणतं घुम्म?"

"गाण्याच्या खाली. माशी डब्यात अडकल्यासारखं. पयल्यापासून होतं का?"

होतं. मला ते ऐकू यायचं, पण एवढं चालायचंच, जुनं यंत्र आहे, म्हणून मी ते सोडून दिलं होतं. त्यांनी काही ते सोडलं नाही. रोज संध्याकाळी आठवण. "मिसल बंद नाई झाली अजून," म्हणायचे. शेवटी मी परत मागची फळी उघडली. ट्रान्सफॉर्मरची जागा बदलून पाहिली, सुईकडून येणारी तार वेगळ्या वाटेनं नेली, तिच्या जागी जाळीच्या आवरणाची नवी तार घातली. मी आतून तार हलवायची आणि ते पुढून सांगायचे: "कमी झालं. आता वाढलं. आता थांब, तिथंच धर. नको हालवू." पंचाऐंशीच्या घरातला माणूस गुडघ्यावर बसून, कान स्पीकरच्या जाळीला लावून. तार कुठे बांधायची ते मी मीटरनं ठरवलं नाही. ते त्यांनी सांगितलं.

"गेलं," ते म्हणाले.

गाण्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या त्यांनी त्याच आठवड्यात लिहायला घेतल्या. प्रत्येक चिठ्ठीवर मराठी, त्याखाली उर्दू, जी ते दफ्तरखान्यातल्या जुन्या कागदांवरून शिकले होते, आणि सगळ्यात खाली तेलुगू. तेलुगू वाचता येतं पण लिहिताना हात अडखळतो, म्हणून शेजारच्या अम्मांना बोलावलं. अम्मा आल्या आणि मग रोजच यायला लागल्या. त्यांच्याकडे माहेरच्या चार रेकॉर्डी निघाल्या, आमच्या चार फार खरखरणाऱ्या काढून त्या खाचांत बसवल्या. दुपारी मी शाळेत असते तेव्हा दोघं काय ऐकतात, कोण कुणाच्या भाषेत बोलतं, मला माहीत नाही. संध्याकाळी आले की कधी पेटी गरम असते.

एकतीस नंबरचं बटण मात्र अजून थंडीत अडकतं. तो चुंबक मी तीनदा काढला, घासला, बसवला, आणि शेवटी तसाच राहू दिला. मामाजींनी त्याच्या चिठ्ठीवर गाण्याच्या नावाखाली तिन्ही लिप्यांमध्ये लिहून ठेवलं आहे: दोनदा दाबा.